युद्धनौका गोदीत बनत नाही

पत्रिकेवर विषय छापलाय ‘जर्मनीची नौदल जहाजबांधणी’. तुम्ही कीलची गोदी बघायच्या तयारीने आला असाल, आणि मी तुम्हाला समुद्रापासून लांब नेणार आहे. गोदी सांगाडा उभा करते; जहाजाचा जीव आतल्या गावांतून येतो, असं माझं ठाम मत आहे.

टिर्पिट्झ, दोन महायुद्धं, यू-बोटी हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. नसेल तर शेजाऱ्याला विचारा. (हशा)

आता नकाशा बघा. कील उत्तरेला, बाल्टिकच्या काठी. पाणबुड्यांची डिझेल इंजिनं मात्र येतात पार दक्षिणेतून, कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या फ्रीडरिक्सहाफेनहून. समोर स्वित्झर्लंड! ती बनवणारा एमटीयू कंपनीचा कारखाना म्हणजे झेपेलिनच्या वायुनौकांसाठी 1909 साली निघालेल्या मायबाखच्या इंजिन-कंपनीचा वारस. प्रॉपेलर बनवणारी शोटेल कंपनी मूळची ऱ्हाइनकाठच्या श्पाय नावाच्या छोट्या गावातली.

कुणी म्हणेल, जायरो-होकायंत्रवाला अ‍ॅन्शुट्झ तर कीलचाच. मान्य, कारखाना कीलचा, 1905 चा. पण माणूस? जन्म झ्वायब्र्युकेनचा आणि डॉक्टरेट कलेच्या इतिहासात! या गृहस्थांना पाणबुडीतून, बर्फाखालून, उत्तर ध्रुव गाठायचा होता. पोलादी नळकांड्यात, विजेच्या तारांच्या गर्दीत चुंबकसूची भलतीकडेच तोंड करते. म्हणून त्यांनी वेगाने फिरणारं चक्र, म्हणजे जायरो, घेतलं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते खऱ्या उत्तरेकडे वळून स्थिर होतं. ध्रुव राहिला, यंत्र झालं. पुढे अमेरिकेच्या स्पेरी कंपनीशी पेटंटचा दावा लागला आणि न्यायालयाने तज्ज्ञ म्हणून बोलावलं कुणाला? आइन्स्टाइनना! त्यांनी अ‍ॅन्शुट्झच्या बाजूने मत दिलंच, शिवाय नंतर यंत्राच्या सुधारणेतही हात घातला. जायरो बसवलेला गोळा द्रवात तरंगतो, तो कशालाही न टेकता मधोमध राहावा म्हणून आत वेटोळं बसवून विद्युतचुंबकीय बल वापरायचं. त्याचं मानधनही घेतलं. सापेक्षतेचे पैसे कोण देतो? (हशा)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, मी अजून पाणबुडीत शिरलोच नाही!

तर आपली मुंबईची माझगाव गोदी. भारताने जर्मन पाणबुड्यांसाठी केलेला 1981 चा करार. दोन पाणबुड्या कीलला, दोन आपल्याकडे: ‘शाल्की’ 1992, ‘शंकुल’ 1994... कोण म्हणालं ‘दलाली’? या सौद्यात दलाली दिल्याच्या आरोपाचं प्रकरण झालं 1987 साली, मी नाकारत नाही. पण मी सामानावर बोलतोय, सौद्यावर नाही. पाणबुडीचं जाड पोलाद जोडायला आपले वेल्डर उत्तम शिकले. आतलं महत्त्वाचं सामान मात्र जर्मनीहून पेट्यांतून आलं. पुढच्या दोन रद्द झाल्या, आणि स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार व्हायला 2005 उजाडलं. तोवर शिकलेले हात पांगले.

म्हणजे गोदीलाही किंमत आहे, असं पहिल्या रांगेतले अभियंते पुटपुटताहेत. आहे हो! पण हातांना पुन्हा शिकवता येतं. फ्रीडरिक्सहाफेन कुठून आणाल? 2025 मध्ये माझगाव आणि तिची जर्मन भागीदार टीकेएमएस यांच्याशी सरकारची सहा नव्या पाणबुड्यांसाठी बोलणी सुरू झाली. ‘मुंबईत बांधणार’ हे मथळ्यात येणारच. इंजिन, मोटार, सोनार कुणाचं, हे खालच्या परिच्छेदात शोधा.

प्रश्नोत्तरं? अध्यक्ष मान हलवताहेत. बरं, चहापाशी भेटू. दलालीवाले गृहस्थ सोडून.