माळ्यावरची पेटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सुतार नव्हे, सुताराची सून. तरी हत्यारांविषयी चार शब्द बोल, असा बाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी आहे.

आमचे मामंजी येडशीतले बलुत्याचे सुतार. छोट्या गाडीने बार्शीला जाऊन त्यांनी एकेक पटाशी जमवली होती. पुढे लोखंडी औते आली, ट्रॅक्टर आले; बाभळीची तिफण करून मागणारे कोणी उरले नाही. मामंजी गेले आणि त्यांची पेटी माळ्यावर गेली.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाला दारात आला. मी पेटी उघडली आणि पहिल्यांदा वाकस वजनावर घातला. त्या पैशांत प्लास्टिकची एक बादली आली. मग रंधा हाती घेतला, तो त्याच्या ठोकळ्यावर मामंजींच्या अंगठ्याने पडलेला खळगा दिसला. पेटी तिथेच मिटली. दुसऱ्या दिवशी वाकस परत आणायला गेले. माल पुढे रवाना झाला होता.

उरलेली हत्यारे तरी कामाला लावावी, असे मनात आले. घाईने रंध्याचे पाते विजेच्या सहाणेवर धरले. धार निळी पडली आणि पहिल्याच लाकडावर वळली. मामंजींचे एक सोबती म्हणाले, "सूनबाई, हत्यार गंजलं म्हणून मरत नाही, तापलं की मरतं." जुन्या पात्याला पुष्कळदा धारेपुरतेच पोलाद असते, बाकीचे साधे लोखंड. ते पोलाद निळे होईतो तापले की त्याचे पाणी उतरते. तेवढा भाग घासून काढला. आता ओल्या दगडावर, हाताने, सावकाश धार लावते.

गंजाचा उपाय तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. तांब्याभांड्यांना लावतो ती चिंच! तिच्या कोळात पटाशी थोडा वेळ ठेवावी, घासावी, धुऊन लगेच कोरडी करावी आणि खोबरेल लावावे. करडईचे तेल लोखंडाला नको, ते वाळून चिकट होते. लाकडी मुठीला जवसाचे तेल चांगले.

पावसाळ्यात आमचे दार फुगले. एवढ्याशा कामाला कोण येणार? त्याच रंध्याने मी ते उतरवले. सोबतीकाका ओट्यावरून बघत होते. काही बोलले नाहीत, पण चहा मागून घेतला.

पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारले. आपल्याला तेवढे साधणार नाही. पण आपल्या माळ्यावरची पेटी भंगारात जाण्याआधी एकदा उघडून पाहता येईल.

ज्यांच्या घरी करवत, गिरमिट, किंकरे, सामता असेल, त्यांनी ते पुढच्या बैठकीला घेऊन यावे. नावे आणि उपयोग सांगायला सोबतीकाका येणार आहेत. त्यांचे वय झाले आहे, तेव्हा उशीर करू नये, एवढीच विनंती.