खडकावरचा खूर

मुर्री गावाकडच्या धानाच्या बांधीत खूर झिजण्यापेक्षा भिजतोच जास्त. माथेरानला उलटं. तिथे खासगी मोटारींना बंदी, त्यामुळे घोडे पर्यटकांना घेऊन जांभ्या दगडाच्या चढउतारांवर फिरतात. खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. खडकावर त्याहून लवकर झिजतो, म्हणून नाल. खिळे बाहेरच्या निर्जीव कडेतच बसायला हवेत, इथे घाई अजिबात नको. सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा ठोकायची. माथेरानच्या रस्त्यांवरच्या पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, ही तिथल्या घोडेवाल्यांची तक्रार. ब्लॉकचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रस्ता कसलाही असो, खुराच्या तळव्यात अडकलेले खडे रोज काढा. एखादा खूर इतरांपेक्षा गरम लागला, तर लंगडण्याची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवा.