शेवटचा हात

(शाळेच्या हीरक महोत्सवी प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी उभारलेल्या बोरघाट रेल्वेच्या प्रतिकृतीचे अनावरण झाले, त्या प्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण.)



थोड्याच वेळात समोरचा पडदा दूर होईल आणि सोळा फूट लांब व चार फूट रुंद अशा मंचावर एक छोटीशी गाडी बोरघाट चढू लागेल. तो सोहळा मुलांचा आहे. त्याआधी आपली काही मिनिटे मागून घेते, कारण ही गाडी धावू लागली त्या दिवशी प्रतिकृती पूर्ण झाली असे आम्हा सर्वांना वाटले होते. प्रत्यक्षात काम तेव्हा जेमतेम अर्ध्यावर आले होते.

रेल्वेची प्रतिकृती हा छंद जगभर रुजलेला आहे. जर्मनीतील मेर्क्लिन या खेळण्यांच्या कारखान्याने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ व गाड्या मांडल्या आणि या छंदाला शिस्त आली. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ मापात मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग घडवितात. आपल्या महाराष्ट्राला मात्र त्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते जनतेसाठी खुले झाले. आपल्यापैकी अनेक पालक मुलांना घेऊन तेथे जाऊन आले असतील. तेथे नुसत्या गाड्या धावत नाहीत. त्यांच्याभोवती एक अख्खे शहर वसलेले आहे, रात्र होते, दिवे लागतात, सिग्नल बदलतात. पाहणारा रूळ आणि तारा विसरतो व त्या नगरीचा नागरिक होतो. हे विसरणे घडवून आणणे, यालाच मी शेवटचा हात म्हणते.

मुलांनी विषय निवडला बोरघाटाचा. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे गाडी सुरू झाली, पण सह्याद्री ओलांडून पुण्याकडे येणारा घाटमार्ग पुरा व्हायला १८६३ साल उजाडले. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे आणि सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा चढाव. खंडाळ्याच्या अलीकडे जागा इतकी अडचणीची होती की, गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडायचे आणि उलट दिशेने पुढची चढण चढायची. हे उलटफेरीचे स्थानक एकोणीसशे वीसच्या दशकाच्या अखेरीस नव्या मार्गामुळे इतिहासजमा झाले. आजच्या प्रवाशाला ते दिसत नाही, म्हणूनच ते दाखवावे असे मुलांना वाटले.

मग गणित सुरू झाले. १५ मैलांना ८७ ने भागले की पावणेतीनशे मीटरांहून लांब रूळ लागतात. १,८३१ फुटांचा चढ २१ फुटांचा होतो, म्हणजे आपल्या सभागृहाच्या छतालाही भोक पाडावे लागले असते. तेव्हा सगळा घाट मांडता येणार नाही, एकच जागा निवडावी लागेल, हे मुलांना स्वतःच्याच आकडेमोडीतून कळले. काय घ्यायचे यापेक्षा काय सोडायचे हे ठरविणे किती कठीण असते, हे निबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांनी उलटफेरीचे स्थानक, एक पूल आणि दोन बोगदे एवढेच ठेवले.

गाडी धावली आणि उत्साह ओसरला. उरलेले काम रटाळ होते. रुळांखाली खडी पसरायची, म्हणजे बारीक कच चाळणीने चाळून, रंगाच्या कुंचल्याने स्लीपरांमध्ये सारायची. पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून ते ड्रॉपरने थेंबथेंब सोडायचे, कारण साबणाशिवाय ते मिश्रण खडीत मुरत नाही, वरच्या वर गोळा होऊन बसते. मग रुळांचे माथे पुन्हा घासून स्वच्छ करायचे, नाहीतर वीज पोचत नाही व इंजिन अडखळते. चार फळ्यांच्या सांध्यांवरून ओढे आणि पायवाटा न्यायच्या, म्हणजे फट दिसत नाही. नव्या डब्यांची प्लॅस्टिकची चकाकी मारायची. मंचाच्या कडेला एकच गडद रंग द्यायचा आणि खाली कापड सोडून तारा झाकायच्या. हे करायला हात कमी पडू लागले.

याच सुमारास एका पालकांनी अत्यंत आपुलकीने सुचविले, ‘बाई, उरलेले काम एखाद्या कसबी कारागिराकडून करून घेऊ. खर्च मी देतो. महोत्सव एकदाच येतो, शाळेचे नाव झाले पाहिजे.’ त्यांच्या भावनेबद्दल आजही मला आदर आहे. तरी मी नम्रपणे नकार दिला. कारण मुलांचे काम जेथे कंटाळवाणे होते, नेमके तेथून पुढचे शिक्षण सुरू होते. सुरुवात उत्साह करून देतो, शेवट मात्र स्वभाव करतो. आज बाजारात तयार प्रकल्प मिळतात. रात्री जागून मुलांचा प्रकल्प पुरा करणारे आईवडीलही मी पाहते. त्यांची माया मला कळते. पण त्या मायेमुळे मुलाला एक गोष्ट कधीच भेटत नाही : ‘हे मी तडीस नेले’ हा अनुभव. त्याला गुणपत्रिकेत रकाना नाही.

नकारानंतर मुले चार दिवस माझ्यावर रुसली होती. पाचव्या दिवशी खडीची चाळणी पुन्हा हलू लागली.

झाडांचा प्रश्न आला तेव्हा एक सुंदर गोष्ट घडली. बाजारात मिळणारी झाडे व घरे युरोपातली : सूचिपर्णी वृक्ष, लाल उतरत्या छपरांच्या जर्मन कोठ्या. आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोळ तंजावूरकडच्या मराठी घराण्यात, तिरुक्करुगावूर या गावी आहे. तो म्हणाला, ‘बाई, ही घरे इथे ठेवली तर खंडाळा ओळखूच येणार नाही. माझ्या आजोळच्या गाडीभोवतीही ही शोभणार नाहीत.’ मग त्याने वर्गाला आपले आजोळ सांगितले. वेट्टार नदीच्या काठी, कुंभकोणमच्या टापूतले ते गाव. गर्भरक्षांबिकेचे मंदिर, जेथे सुखरूप बाळंतपणासाठी दूरदूरच्या स्त्रिया येतात. शिवाचे नाव मुल्लैवननाथर, म्हणजे जुईच्या वनाचा स्वामी. गावात रेल्वे नाही. पापनाशमला उतरायचे आणि पुढे भातखाचरांतून, नारळींच्या रांगांतून जायचे. तो तंजावूर–कुंभकोणम मार्ग पूर्वी मीटरगेज होता. एचओ मापात मीटरगेजचे रूळ १२ मिलिमीटर अंतराचे असतात. ‘पण नुसत्या १२ मिलिमीटरने कुंभकोणम होत नाही, नारळ आणि गोपुर लागते,’ असे तो म्हणाला. प्रतिकृतीचे सारे शास्त्र त्या वाक्यात आले. त्या दिवसापासून मुलांनी सुया आणि तारांपासून करवंदीच्या जाळ्या केल्या, लाकडाचा भुसा रंगवून पावसाळी हिरवळ केली आणि कातळाला बेसाल्टचा काळेपणा दिला.

शेवटी राहिला माहितीफलक. मूळ मसुद्यात फक्त अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव होते. वाचता वाचता मुलांना कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल सापडले, जे १८५९ मध्ये भारतात आले आणि थोड्याच आठवड्यांत वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ते अपुरे कंत्राट स्वतःच्या शिरावर घेतले आणि जाणत्या व्यवस्थापकांकरवी तडीस नेले. मग एका मुलीने विचारले, ‘आणि दगड फोडणारे?’ १८६१ च्या सुमारास या घाटात ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. रोगराईने आणि अपघातांनी कितीतरी दगावले. त्यांची नावे आपल्याजवळ नाहीत. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी मुलांनी त्यांच्या झोपड्यांची वस्ती उभारली आणि फलकावर त्यांचा उल्लेख केला. त्याच फलकावर आणखी एक ओळ आपल्याला दिसेल. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे या मापात १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक हवे. बाजारातले रूळ साडेसोळा मिलिमीटरचे आहेत. ‘येथे रूळ मूळ मापापेक्षा अरुंद आहेत’ हे मुलांनी स्वतः लिहिले आहे. उणीव झाकण्यापेक्षा ती सांगावी, हाही शेवटच्या हाताचाच भाग आहे.

मंचाची उंची आम्ही मुद्दाम कमी ठेवली आहे, पाचवीतल्या मुलाच्या नजरेला डोंगर डोंगर वाटावा म्हणून. मोठ्यांनी कृपया थोडे वाकावे. दिवाही एकाच बाजूने येईल, म्हणजे दरीत सावली पडेल. इंजिन उलट्या टोकाला जोडताना एक विद्यार्थी हाताने मदत करील. त्या वेळी घाई करू नये, खऱ्या घाटातही तेथे थांबावेच लागे.

साठ वर्षांपूर्वी ज्यांनी या शाळेची पहिली वीट ठेवली, त्यांनीही एक काम आरंभले होते. त्याची खडी आजही पसरणे चालू आहे. माजी विद्यार्थ्यांनी या मुलांना पैशाबरोबर आपला वेळही द्यावा, प्रदर्शनानंतर महिन्यातून एकदा येऊन रूळ पुसायला मदत करावी, एवढी विनंती करते. धूळ साचली की उत्तमातली उत्तम गाडीही थांबते.

आता मी बाजूला होते. पडदा मुलांनीच दूर करावा.