टाळाआधी तांब्या

शंभर वर्षं झाली म्हणून आज जुन्या माणसांच्या आठवणी निघाल्या. निघायलाच पाहिजेत. पण आम्हाला लेकरांवर बोलायचं आहे. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत लेकरानं करायचं काय, एवढाच आमचा विषय.

मंठा तालुक्यातल्या कोणत्याही खेड्यात पाच वाजता जाऊन बघा. कापूस वेचायचे दिवस असले की माय-बाप रानात, घराला कुलूप आणि पारावर एका मोबाइलभोवती पाच डोकी. आम्ही लहान असताना शाळा सुटली की ढोरांमागं जायचो. आता घरोघर ढोरं राहिली नाहीत. पोरांना शिव्या देऊन काय उपयोग? त्यांच्या हातात दुसरं काही आपण दिलंच नाही. म्हणून मंदिरात संध्याकाळचा हरिपाठाचा वर्ग सुरू केला.

पण सुरुवातीला आम्ही चुकलो, ते कबूल करतो. आम्ही सगळा भर पाठांतरावर दिला. ज्ञानोबारायांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग ज्याला पाठ, तो पुढच्या रांगेत, त्याला टाळ. सहावीतलं एक पोरगं होतं, त्याला वाचायला जड जायचं. तीन महिने झाले तरी दोन अभंग धड येईनात. एक दिवस आम्ही चारचौघांत म्हणालो, "तुझ्यानं नाही होणार बापू, तू घरी जा." ते गेलं, परत आलं नाही. आम्हालाही त्याचं काही वाटलं नाही.

आषाढाच्या आधी बाहेरगावची एक दिंडी आपल्या गावात मुक्कामाला होती. आम्ही आत सेवेवर दोन तास कीर्तन केलं. बाहेर येऊन बघतो तर ते पोरगं हापशावरून बादल्या भरून म्हाताऱ्यांना पाणी देतंय. कोणत्या आजीला गोळीसाठी कोमट पाणी लागतं, कोणाच्या पायाला फोड आलेत, सगळं त्याला ठाऊक. त्याला हे करायला कोणी सांगितलं नव्हतं. आमची मान खाली गेली. सकाळी त्याच्या घरी गेलो तर त्याची माय म्हणाली, "तुम्हीच घालवलं की महाराज, आता कशाला नेता?" उत्तर नव्हतं. चार-पाच दिवसांनी पोरगं आपलं आपण आलं, पण अट घालून : अभंग म्हणायला लावायचा नाही.

तेव्हापासून वर्गाची रीत बदलली. आधी तांब्या, मग टाळ. आल्या आल्या माठ भरायचा, सभामंडप झाडायचा, समई लावायची. मृदंगाच्या धुमेला लावायची कणीक त्याच पोराकडं दिली. कणीक सैल झाली तर आवाज बसत नाही, घट्ट झाली तर धरत नाही. त्याचा हात बरोबर बसला. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा दुपारी दोन-दोन लेकरं एकट्या म्हाताऱ्यांकडं जातात. पोथीचं एक पान वाचून दाखवतात, गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचतात. आमच्यासारख्या चौथी शिकलेल्याला विचारा, ते बारीक अक्षर वाचून देणारं कोणी असलं की किती बरं वाटतं. आणि गंमत अशी, की म्हाताऱ्यांना वाचून दाखवता दाखवता त्या सहावीतल्या पोराचं वाचन सुधारलं. आठवीतल्या एका मुलीनं एकादशी सोडायच्या पंगतीचा हिशेब केला : शंभर माणसं, माणशी तीन भाकरी, किलोला दहा, म्हणजे तीस किलो पीठ. आम्ही इतकी वर्षं अंदाजानं दळत होतो आणि उरलेलं पीठ वाटत होतो.

गाडगेबाबा कुठं शाळेत गेले होते? पण गावात आले की दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम कधी बदलला नाही. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा त्यांनीच उभी केली. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथली मुलं माधुकरी मागून शिकली. प्रत्येकाचं लेकरू आळंदीला जाऊ शकत नाही. तिथलं थोडं वळण गावात लागलं तरी पुष्कळ.

मात्र सेवा म्हणजे वेठबिगार नव्हे. उकळत्या कढयांजवळ लेकरू जाऊ द्यायचं नाही, परीक्षेच्या दिवसांत पाळी लावायची नाही. आणखी एक खोड आपोआप लागली होती : झाडू मुलींकडं, मृदंग मुलांकडं. आम्ही पाळ्या लावल्या. काही वडीलधाऱ्यांना मुलीनं मृदंगाला बसणं पटलं नाही. आम्ही म्हणालो, दर साल मुक्ताईची पालखी आपल्या जालन्यावरून पंढरीला जाते, तिच्यापुढं आपण लोटांगण घालतो आणि आपल्याच नातीला मृदंगाला हात लावू देत नाही, हे कसं? दोघं अजून रुसलेले आहेत. असू द्या.

वारीचंही बोलतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, आषाढी वारीही तेव्हाच. महिनाभर शाळा बुडवून लेकरू दिंडीत घेऊ नये असं आमचं मत. त्यानं गावच्या मुक्कामाला पाणी द्यावं, चपला राखाव्यात. चालायला उभा जन्म आहे.

आता खरी अडचण. दिवाळी झाली की आपल्या भागातली कितीतरी घरं उचल घेऊन ऊस तोडायला जातात. गाडीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरं. आपला वर्ग निम्मा रिकामा होतो, शाळाही. कारखाने बंद झाल्यावर लेकरू परत येतं तेव्हा हरिपाठ विसरलेलं असतं आणि पाढेही. काही ठिकाणी सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, ती चांगलीच. पण आजी-आजोबांजवळ राहायला तयार असलेलं लेकरू संध्याकाळच्या भाकरीवाचून गाडीत चढतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

शताब्दीचा पैसा जमला आहे. रथाला चांदी लावावी असं काहींच्या मनात आहे. आमचं म्हणणं, चांदी पुढच्या वर्षी लावा. यंदा पाच घरची लेकरं गावात ठेवायला त्यांचे आई-बाप तयार झाले आहेत. पीठ-डाळ दिंडीच्या पैशातून आणू, रांधून वाढायची पाळी घराघरानं घ्यायची. कोणत्या वारी कोणाच्या घरी, ती वही त्या आठवीतल्या मुलीनं आखून मृदंगाजवळ ठेवली आहे. सोमवार आणि गुरुवार अजून कोरे आहेत. जाताना नाव लिहून जा.

रामकृष्ण हरी.