नाव ठेवा, नावं ठेवू नका

सर्व्हररूममध्ये हयात घालवलेल्या मित्रहो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. माझ्याहून जाणती मंडळी समोर बसली आहेत असं म्हणायची रीत आहे. या खेपेला ते खरंही आहे. अध्यक्षाने क्षेत्राचा आढावा घ्यावा अशीही रीत आहे. घेतो, दोन मिनिटांत.

आमच्या उमेदवारीच्या काळात लिनक्सच्या ‘डेव्ह’ डिरेक्टरीत हजारो फाइली आधीच मांडून ठेवलेल्या असत, उपकरण जोडलेलं असो वा नसो. उरलेल्या ‘मेकनोड’ने हातानं बनवायच्या. पहिली स्कझी डिस्क ८, ०. दुसरी ८, १६. हे आकडे पाढ्यांसारखे पाठ. मग २.४ कर्नलच्या काळात डेव्हएफएस आली. हजर असेल त्याचीच फाइल, पण नाव कर्नलच ठरवणार. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह आणलं. कर्नलने फक्त ‘कोणीतरी आलंय’ अशी वर्दी द्यायची, नाव बाहेरच्या नियमांनी ठरायचं. २००६ मध्ये डेव्हएफएस कर्नलमधून गेली. २००९ मध्ये डेव्हटीएमपीएफएस आली आणि फाइल बनवणं पुन्हा कर्नलकडे गेलं. यूडेव्हकडे राहिल्या परवानग्या आणि टोपणनावं. २०१२ मध्ये यूडेव्ह सिस्टमडीच्या घरात नांदायला गेलं, आणि त्यावरून काल याच मंडपात दीड तास भांडण झालं. संपला आढावा.

यूडेव्ह कोणाच्या घरात नांदतं याच्याशी मला कर्तव्य नाही. नाव कोण ठेवतं, हे मला विचारायचंय. वीस वर्षं विचारतोय.

एका साखर कारखान्यातली गोष्ट. ऐन गळीत हंगाम. दोन वजनकाटे, एक भरल्या गाड्यांचा, एक रिकाम्या. दोन्ही यूएसबी कन्व्हर्टरने एकाच पीसीला जोडलेले. रात्री लाइट गेली, पीसी पुन्हा सुरू झाला, आणि कालपर्यंत शून्य असलेला काटा एक झाला, एक होता तो शून्य. भरल्या ट्रॉलीच्या पावतीवर रिकाम्या काट्याचं वजन छापून येऊ लागलं. एक ट्रॅक्टरवाला खिडकीत पावती नाचवत म्हणाला, “सायब, माजा ऊस वाटंतच वाळला काय?”

पहाटे पोचलो. ‘यूडेव्हएडीएम’ला विचारलं. दोन्ही कन्व्हर्टर एकाच कंपनीचे, एकच मॉडेल क्रमांक, आणि अनुक्रमांकाची जागा दोघांचीही कोरी. जुळी भावंडं आणि पत्रिका एकच! ओळखायचं कशावरून? ज्या पोर्टात बसलेत त्यावरून. दोन ओळींचा नियम लिहिला: या पोर्टातला ‘काटा-भरला’, त्या पोर्टातला ‘काटा-रिकामा’. एका पोर्टाभोवती तांबडा तेलरंग लावला, दुसऱ्याभोवती पांढरा, वायरींनाही तेच. हंगाम संपेपर्यंत काटे पुन्हा बदलले नाहीत.

काल एक तरुण मित्र म्हणाले, आता यूयूआयडी असताना नियम लिहायचे कशाला? अहो, यूयूआयडी फाइल सिस्टमच्या अंगावर लिहिलेला असतो. काट्याच्या अंगावर काय लिहिलेलं असतं? ‘आपोआप’ या शब्दावर आपला फार विश्वास. आपोआप म्हणजे रांगेत जो पुढे लागला तो शून्य, एवढंच. यूडेव्हने नाव ठेवण्याचा अधिकार यंत्र सांभाळणाऱ्याच्या हातात दिला. आपण तो वापरला नाही, आणि यंत्र चुकलं की दोष यूडेव्हला. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. आपली अख्खी पिढी त्या अनुस्वारावर जगली.

आता कामाचं. मराठीत नियमांची एक पुस्तिका व्हावी: काटे, बारकोड वाचणारी यंत्रं, पावतीचे प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारी यंत्रं. एक समिती नेमू. नावं संध्याकाळी ठरवू. पुढच्या संमेलनापर्यंत काहीतरी हाती येईल.

तो पीसी केव्हाच भंगारात गेला. नव्या यंत्रावर माझ्या त्या दोन ओळी कोणी उतरवून घेतल्या का, हे विचारायला मी गेलो नाही. उत्तराची भीती वाटली. तांबड्या रंगाची डबी अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. परवा उघडून पाहिली. पार वाळलाय रंग.