बॅटची कड किती जाड असावी?
श्रीरामपूरच्या झहीर खानसारख्या गोलंदाजाने चेंडू स्विंग करावा, बॅटची नुसती कड लागावी आणि तरी षटकार जावा? जाडजूड तरी हलक्या बॅटींची ही करामत. म्हणून १ ऑक्टोबर २०१७पासून नियम आला: कड जास्तीत जास्त ४० मिलिमीटर, खोली, म्हणजे बॅटच्या सर्वांत जाड भागाची जाडी, ६७. तपासायला साचा असतो; बॅट त्यातून सरकली नाही, तर ती चालत नाही. झहीर मात्र २०१५मध्येच आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला होता! गोल्फनेही ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या काठीचं, डोकं ४६० घनसेंटिमीटरवर रोखलंय. मला विचाराल, तर बॅटच्या कडेला ४० मिलिमीटरही सढळच. रुंदीचा सव्वाचार इंचांचा नियम तर अठराव्या शतकातला, कारण १७७१मध्ये इंग्लंडात एक फलंदाज यष्ट्यांएवढी रुंद बॅट घेऊन उतरला होता.