रेल्वे येऊ द्या, पण हिशोब आधी

(शिरपूर तालुक्यातील कार्यकर्ता बैठकीत केलेलं भाषण)



मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2024 ला मंजुरी दिली. 309 किलोमीटर, 18,036 कोटी, 30 नवी स्टेशनं, आणि 2028-29 पर्यंत काम पूर्ण. मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा असा मार्ग.

काही साथी म्हणतात, रेल्वेच नको. मी तसं म्हणत नाही. आपली माणसं ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत जातात. आधी जीपमध्ये कोंबून नरडाण्याला, मग सुरतेकडे. गाडी जवळ आली तर कोणाला नको आहे? पण गाडी कोणती, हे विचारा ना! कोरोनानंतर पॅसेंजरचं कमीत कमी तिकीट 10 चं 30 रुपये झालं होतं. ते परत 10 व्हायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. नवरा-बायको आणि दोन मोठी पोरं कामाला निघाली की ते 40 आणि 120 असं होतं.

आता सरकारचाच आकडा घ्या. या मार्गावर वर्षाला 2 कोटी 60 लाख टन जादा माल जाईल म्हणतात. मी वहीवर भागाकार केला. दिवसाला साधारण 71 हजार टन. एका मालगाडीत साडेतीन-चार हजार टन धरा, म्हणजे रोज अठरा-वीस भरलेल्या गाड्या. परतीच्या वेगळ्या. मग पॅसेंजर साईडिंगला उभी राहणार की नाही? म्हणून मागणी आत्ताच, लेखी: सकाळी धुळ्याला पोचणारी, संध्याकाळी परत आणणारी, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी, जनरल डब्यांची गाडी. स्टेशन कुठे, तर जिथे आठवडे बाजार आणि दवाखाना आहे तिथे. निव्वळ कारखान्याच्या गेटजवळ नको.

पाचोरा-जामनेरची छोटी गाडी आठवा. 2020 मध्ये बंद पडली. मोठी लाईन मंजूर झाली, पण मंजुरीच्या कागदावर बसून कोणी जामनेरला जात नाही.

आणि जमीन. माझ्या मामाच्या शेतात खुणेचे दगड रोवून गेले, कोणाला विचारलं नाही. मामाचा वनहक्क दावा अजून लटकलेलाच. एक साहेब म्हणाले, सातबारा नाही तर तुमचं काय जातं? जातं साहेब, सगळंच जातं. 2006 चा वनहक्क कायदा सांगतो, दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कब्जातून हटवता येत नाही. आणि 2013 चा भूसंपादन कायदा वनहक्क मिळालेल्यालाही जमीनमालकच धरतो. म्हणजे दावा मंजूर होणं आणि मोबदला मिळणं, ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

रेल्वे कायद्यात कलम 20-अ ची अधिसूचना निघाली की हरकतीला 30 दिवस मिळतात. ती पेपरात छापतात. पाड्यावर पेपर येतो का? म्हणून प्रत्येक गावातून दोन पोरं ठरवा, तहसीलला दर सोमवारी जाऊन बघायचं. पेसा गावांनी ग्रामसभेचा ठराव आधीच करून ठेवा, त्यात गाडीची मागणीही लिहा, जमिनीचीही.

पुढच्या बैठकीला येताना दाव्याची पोचपावती, नकाशाची प्रत, असेल तर सातबारा घेऊन या. ज्याची पोचपावती हरवली त्याने लाजू नका, नाव सांगा. यादी तिथूनच सुरू करू.